बहुमताचा कौल आणि मतभेदाचा हक्क



ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघाचा त्याग केला. सत्तेचाळीस वर्षांचा संबंध त्या रात्री कायद्याने संपला. परंतु त्यावरून त्या देशात जो वाद पेटला होता तो मात्र संपला नाही. घरे दुभंगली, पक्ष फुटले, दोन पंतप्रधानांना पद सोडावे लागले, न्यायाधीशांना शत्रू म्हटले गेले. आपणांपैकी कोणी विचारील की, हजारो मैल दूरच्या ह्या भांडणाशी आपला संबंध काय? माझे उत्तर असे की, ज्यांच्या पदरी आयुष्यभर अल्पमतच आले आहे त्यांनी बहुमत म्हणजे काय, त्याची सत्ता कोठवर चालते आणि कोठे थांबते, हे जेथे जेथे शिकावयास मिळेल तेथे तेथे शिकले पाहिजे. शिवाय ह्या प्रकरणात आपल्या शेजारच्या गोव्यातील कित्येक कुटुंबांचे भवितव्य गुंतले होते. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. १९७५ च्या जून महिन्यात त्यात राहावे किंवा नाही ह्यावर तेथे सार्वमत घेण्यात आले आणि शेकडा ६७ मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. पुढे १९९३ साली मास्ट्रिख्टचा करार अंमलात येऊन समुदायाचा संघ झाला. ह्या संघात माल, सेवा, भांडवल आणि माणसे ह्यांना एका देशातून दुसऱ्या देशात मुक्त वाट असते. आणि ज्या बाबी संघाकडे सोपविलेल्या आहेत त्यांत संघाचा कायदा सभासद देशाच्या कायद्याहून श्रेष्ठ मानला जातो. वादाचे मूळ ह्या दोन गोष्टींत आहे.

बाहेर पडू इच्छिणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. ज्या कायद्यांनी आपण बांधले जातो ते करणाऱ्यांना निवडण्याचा आणि काढून टाकण्याचा अधिकार आपल्या हाती असावा, असे ते म्हणत. हे तत्त्व लोकशाहीचेच आहे. २००४ नंतर पूर्व युरोपातून मोठ्या संख्येने कामगार आले. त्यामुळे मजुरीवर, घरांवर आणि दवाखान्यांवर ताण पडतो, अशी तक्रार होती. ज्या गावांतील गिरण्या व खाणी बंद पडल्या होत्या, तेथील लोकांना राजधानीतील भरभराट आपल्यापर्यंत पोहोचत नाही हे अनुभवाने ठाऊक होते. उलट राहू इच्छिणारे म्हणत की, देशाच्या निर्यातीपैकी निम्म्याच्या जवळपास निर्यात संघाशी होते. कामगारांच्या सुट्ट्यांपासून स्त्रियांच्या समान वेतनापर्यंत अनेक हक्कांना संघाच्या कायद्याने बळ मिळाले आहे. आणि १९९८ च्या करारानंतर आयर्लंडमध्ये जी शांतता नांदत आहे ती उघड्या सीमेवर उभी आहे. हे म्हणणेही खरे होते. तात्पर्य, दोन्हीकडे प्रामाणिक माणसे होती आणि दोन्हीकडे विचारात घेण्याजोगी कारणे होती.

खोटेपणाही दोन्हीकडे झाला. आपण संघाला दर आठवड्यास ३५ कोटी पौंड पाठवितो, असे बाहेर पडणाऱ्यांच्या प्रचाराच्या बसगाडीवर रंगविले होते. ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करता काढलेला तो आकडा दिशाभूल करणारा आहे, असे सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेने मतदानापूर्वीच जाहीर केले होते. दुसऱ्या बाजूस सरकारच्या अर्थखात्याने भाकीत केले की, बाहेर पडण्याचा कौल लागताच तात्काळ मंदी येईल. तशी मंदी त्या वेळी आली नाही. भय आणि लालूच ही दोन्ही मते मिळविण्याची जुनी साधने आहेत. ती सुशिक्षित देशातही चालतात, एवढे ह्यावरून ध्यानात घ्यावे.

मतदान २३ जून २०१६ रोजी झाले. शेकडा ७२ मतदारांनी भाग घेतला. बाहेर पडावे असे म्हणणारे १ कोटी ७४ लाख, म्हणजे शेकडा ५१.९, राहावे असे म्हणणारे १ कोटी ६१ लाख, म्हणजे शेकडा ४८.१. इंग्लंड आणि वेल्स ह्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडने शेकडा ६२ मतांनी आणि उत्तर आयर्लंडने जवळजवळ ५६ मतांनी राहण्याचा कौल दिला. एका राज्यातील दोन घटकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध बाहेर नेण्यात येत होते.

येथे एका वकिलाच्या नजरेने तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कौलाच्या बळाची. विधि महाविद्यालयात आम्हांस डायसी शिकविला जाई. पार्लमेंट सार्वभौम आहे, तिला कोणताही कायदा करता येतो व मोडता येतो, हा त्याचा सिद्धांत परीक्षेसाठी आम्ही पाठ केला. त्याच डायसीने १८९० पासून सार्वमताचा पुरस्कार केला, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याला सार्वमत हवे होते ते लगाम म्हणून. आयर्लंडला स्वराज्य देण्यासारखा मोठा बदल लोकांच्या संमतीवाचून होऊ नये म्हणून. २०१६ साली ह्या लगामाचा चाबूक झाला. २०१५ च्या ज्या कायद्याने हे सार्वमत घेतले गेले, त्यात निकाल सरकारवर बंधनकारक आहे असे कोठेही म्हटलेले नव्हते आणि किमान अमुक इतकी मते पडली पाहिजेत अशी अटही घातलेली नव्हती. १९७९ साली स्कॉटलंडला स्वतंत्र विधानसभा द्यावी किंवा नाही ह्यावर मत घेतले, तेव्हा एकूण मतदारांपैकी शेकडा ४० जणांनी होकार दिला पाहिजे अशी अट होती. मत देणाऱ्यांत बहुमत मिळूनही ती अट पुरी न झाल्याने योजना बारगळली. आपल्या संविधानात बदल करावयाचा तर प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यांचे बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश मत लागते. मोठे बदल निसटत्या बहुमतावर करू नयेत, हे शहाणपण त्या नियमात आहे. ब्रिटनने ते ह्या वेळी बाजूस ठेविले. तरीही मतदानापूर्वी सर्वांनी नियम मान्य केले होते. म्हणून निकाल लागल्यावर ते सदोष होते असे म्हणून निकाल नाकारणे हेही न्याय्य नव्हते.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमतकौल झाला, तो आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, असा प्रश्न होता. दोन्ही पर्यायांचा अर्थ प्रत्येकाला ठाऊक होता, कारण महाराष्ट्र राज्य समोर उभे होते आणि केंद्रशासित गोवाही समोर उभा होता. चौतीस हजार मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर संघात राहणे म्हणजे काय हे स्पष्ट होते. पण बाहेर पडणे म्हणजे काय? व्यापाराची एकत्र बाजारपेठ ठेवावयाची की तीही सोडावयाची? आयर्लंडची सीमा कोठे आखावयाची? येऊन राहिलेल्या माणसांचे काय करावयाचे? ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कौलात नव्हते. म्हणून पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनी संघाशी करार करून आणला, तेव्हा १५ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्स सभेने तो २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला. मे ह्यांच्या स्वपक्षीयांतील कडवे बाहेर पडणारे आणि विरोधी बाकांवरील राहू इच्छिणारे ह्या दोघांनीही त्याविरुद्ध मत दिले. लोकांनी दिशा दाखविली होती. रस्ता कोणीच दाखविलेला नव्हता.

तिसरी गोष्ट मताधिकाराची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या सार्वमतात ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांस मत होते. म्हणजे तेथे राहणाऱ्या भारतीय नागरिकास मत होते. परंतु पोलंड, फ्रान्स, पोर्तुगाल ह्या देशांचे जे नागरिक तेथे वीस वीस वर्षे राहून कर भरीत होते आणि ज्यांच्या राहण्याचाच प्रश्न निकालात निघावयाचा होता, त्यांना मत नव्हते. आता गोव्याकडे पाहा. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंद करिता येते. ह्या वाटेने हजारो गोवेकर पोर्तुगीज पारपत्र घेऊन ब्रिटनला गेले. स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वस्ती झाली. परदेशचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व आपल्या कायद्याप्रमाणे संपते. परिणाम असा झाला की, भारतीय पारपत्रावर गेलेला मनुष्य मत देऊ शकला आणि त्याच्या शेजारी राहणारा गोवेकर, केवळ पोर्तुगीज नागरिक झाल्यामुळे, देऊ शकला नाही. स्विंडनचा बहुमताचा कौल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला. आपल्या पोटापाण्याचा निर्णय शेजाऱ्यांनी आपल्याला न विचारता केला, हे त्या कुटुंबांनी मुकाट्याने पाहिले. असे पाहण्याची वेळ ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आली, त्या आपल्या समाजाला त्यांचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

आता सार्वजनिक वादाकडे वळतो. मतदानाच्या एक आठवडा आधी, १६ जून २०१६ रोजी, जो कॉक्स ह्या मजूर पक्षाच्या तरुण सभासदबाईंचा त्यांच्याच मतदारसंघात खून झाला. खुनी वंशद्वेषाच्या विचाराने भारलेला होता. शब्द विषारी झाले म्हणजे हात फार काळ स्वस्थ राहत नाहीत, ही धोक्याची खूण तेव्हाच दिसली होती.

कौल लागल्यावर सरकारने ठरविले की, संघ सोडण्याची नोटीस मंत्रिमंडळ आपल्या अधिकारातच देईल, पार्लमेंटला विचारण्याचे कारण नाही. ह्याविरुद्ध जीना मिलर ह्या बाई न्यायालयात गेल्या. ब्रिटिश गयानात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या. त्यांचे म्हणणे सरळ होते: १९७२ साली पार्लमेंटने कायदा करून नागरिकांना काही हक्क दिले, पार्लमेंटने दिलेले हक्क मंत्रिमंडळाला स्वतःच्या सहीने काढून घेता येणार नाहीत. ३ नोव्हेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाने ते मान्य केले. दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या खपाच्या दैनिकाने तिन्ही न्यायाधीशांची छायाचित्रे छापून त्यांना ‘जनतेचे शत्रू’ म्हटले. मिलरबाईंना तर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांच्याविषयी धमकीचा मजकूर लिहिणाऱ्या एका उमरावास २०१७ साली तुरुंगात जावे लागले. २४ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी तोच निर्णय कायम केला.

आणि पुढे काय झाले? ज्या पार्लमेंटला विचारावयाचे नाही असा हट्ट होता, तिने नोटीस देण्याचा कायदा १२२ विरुद्ध ४९४ मतांनी संमत केला. न्यायालयाने लोकांचा कौल अडविला नाही. तो कायद्याच्या दारातून आत आणिला. २०१९ च्या सप्टेंबरात पंतप्रधान बोरिस जॉन्सन ह्यांनी ऐन निर्णयाच्या काळात पार्लमेंट पाच आठवड्यांसाठी तहकूब करविली, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ती तहकुबी एकमताने बेकायदेशीर ठरविली. बहुमताच्या नावाने प्रतिनिधींचे तोंड बंद करण्याचा हा प्रयत्न होता आणि तो फसला, हे त्या देशाचे भाग्य.

परंतु न्यायाने बोलावयाचे तर हरलेल्यांचेही चुकले. बाहेर पडण्याचे मत देणारे सर्व अडाणी आहेत, सर्व वंशद्वेष्टे आहेत, असे त्यांच्यातील पुष्कळांनी उघड म्हटले. पावणेदोन कोटी माणसांविषयी असे बोलणे हा उच्चवर्णीय अहंकार झाला. तो लंडनमध्ये असला तरी आपण तो ओळखतो. २०१९ च्या मार्चमध्ये नोटीस रद्द करावी म्हणून साठ लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या आणि लाखोंनी मोर्चा काढिला, हे त्यांच्या हक्कातले होते. मात्र दुसऱ्यांदा लोकांना न विचारताच नोटीस रद्द करू, अशी घोषणा जेव्हा लिबरल डेमोक्रॅट पक्षाने केली, तेव्हा त्याने आपलाच पाया खणला. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत त्यास अवघ्या ११ जागा मिळाल्या आणि जॉन्सन ह्यांच्या हुजूर पक्षास ३६५. कौलाची अंमलबजावणी झाली ती अशी, निवडणुकीतून आणि कायद्यातून.

अंमलबजावणी झाल्यावर त्या मतहीन माणसांचे काय झाले? सरकारने योजना काढिली की, संघाच्या नागरिकांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क नोंदवून घ्यावा. मतदानाच्या वेळी असे लोक तीस लाखांच्या आसपास आहेत अशी समजूत होती; मुदतीपर्यंत साठ लाखांहून अधिक अर्ज आले. ज्यांचे भवितव्य ठरवावयाचे ते किती आहेत हेही कोणास ठाऊक नव्हते! पाच वर्षांहून कमी काळ राहिलेल्यांना तात्पुरता दर्जा देण्यात आला आणि त्यांनी मुदतीत पुन्हा अर्ज न केल्यास त्यांचा हक्क आपोआप जाईल, असे सरकारने ठरविले. डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हे करारास धरून नाही असा निर्णय दिला. करारात लिहिलेला हक्क एका अर्जाच्या अभावी नष्ट होत नाही, हे त्यातील मर्म.

ही भीती काल्पनिक नव्हती. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांची वाट अरुंद करणारा १९७१ चा कायदा १ जानेवारी १९७३ रोजीच, म्हणजे ब्रिटन समुदायात शिरला त्याच दिवशी, अंमलात आला. त्यापूर्वी वेस्ट इंडीज बेटांतून आलेल्या लोकांना राहण्याचा हक्क होता, पण हातात कागद नव्हता. त्यांच्या आगमनाची जुनी नोंदपत्रे सरकारी खात्याने २०१० साली नष्ट केली आणि पुढे त्यांच्याकडेच पुरावा मागितला. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर घालविले गेले. २०१८ साली हे सर्व उघडकीस आले तेव्हा सरकारला क्षमा मागावी लागली. माझ्याकडे येणारा अशील प्रथम आपला हक्क सांगतो आणि मी प्रथम कागद मागतो. त्याला राग येतो, पण मी मागतोच. त्याचे कारण ह्या हकीकतीत आहे.

कौलाने काय साधले? स्थलांतर कमी व्हावे म्हणून अनेकांनी मत दिले होते. युरोपातून येणारे घटले, परंतु इतर देशांतून येणारे इतके वाढले की २०२३ साली निव्वळ स्थलांतराचा आकडा वर्षाला नऊ लाखांच्या वर गेला, आणि येणाऱ्यांत भारतीय अग्रभागी होते. आयर्लंडच्या सीमेचा गुंता सोडविण्यासाठी २०२३ मध्ये नवा समझोता करावा लागला. २०२४ साली मजूर पक्ष सत्तेवर आला आणि मे २०२५ मध्ये त्याने संघाशी संबंध सुधारण्याची बोलणी केली. पुन्हा सामील होणार नाही, हेही सांगितले. म्हणजे चर्चा चालूच आहे, आणि ती चालू राहणे हेच योग्य. १९७५ चा कौल अखेरचा असता तर २०१६ चा कौल घेताच आला नसता. पहिल्या कौलात हरलेल्यांनी एकेचाळीस वर्षे आपले मत सोडले नाही आणि ते अखेर जिंकले. ज्या हक्काने ते जिंकले तोच हक्क त्यांनी दुसऱ्याला नाकारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. गोव्यात विलीनीकरणवादी जनमतकौल हरले आणि दोनच महिन्यांनी त्यांच्याच पक्षास लोकांनी पुन्हा सत्तेवर बसविले. कोणी त्यांना द्रोही ठरविले नाही. हरलेल्यांनीही कौल मोडण्याचा हट्ट धरिला नाही.

घटनात्मक नीती ही उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे बाबासाहेबांनी घटनासमितीत बजाविले होते. ब्रिटनचे उदाहरण पाहता, जुन्या लोकशाहीलाही ती पुन्हा पुन्हा जोपासावी लागते असे दिसते.

म्हणून बंधुभगिनींनो, ग्रामपंचायतीत, सहकारी सोसायटीत, विहाराच्या समितीत किंवा देशाच्या कारभारात जेव्हा कोणी आपणांस म्हणेल की, ‘बहुमताने ठरले, आता बोलू नका,’ तेव्हा शांतपणे चार प्रश्न विचारा. नेमका प्रश्न काय विचारला होता? ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना मत होते काय? अंमलबजावणी कायद्याच्या मार्गाने होत आहे काय? आणि उद्या हा निर्णय बदलावयाचा झाल्यास वाट खुली आहे काय? ह्या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर निर्णय आपल्या मताविरुद्ध असला तरी मानावा, आणि मानून झाल्यावरही आपले मत निर्भयपणे सांगत राहावे. उत्तरे मिळाली नाहीत तर सभेच्या इतिवृत्तात आपला विरोध लेखी नोंदवावा, त्याची प्रत घ्यावी, आणि ती जपून ठेवावी.